आणखी एक वर्ष

लातूरच्या बसस्थानकातून पहाटे निघालेली एस.टी. चाकूर, अहमदपूर, लोहा अशी गावे घेत नांदेडला पोहोचते. त्या गाडीत बसणारा माणूस चालकाचे नाव विचारीत नाही, त्याचा परवाना पाहत नाही, रात्री तो कुठे होता ह्याची चौकशी करीत नाही. तो तिकीट काढतो, खिडकीला डोके टेकवतो आणि डोळे मिटतो. चाळीस-पन्नास माणसे एका अनोळखी माणसाच्या शुद्धीवर आपला जीव सोपवून झोपी जातात आणि ह्यात आपण काही साहस केले असे त्यांतल्या कुणालाही वाटत नाही. समाजाचे व्यवहार अशा न बोललेल्या विश्वासावरच चालतात.

आता समजा, त्या गाडीचा चालक कामावर आला. आगारात श्वास तपासण्याचे यंत्र आहे. त्याने नळीत फुंकर घातली आणि यंत्राने एक आकडा दाखवला. वीस वर्षांची नोकरी, आजवर एकही मोठा अपघात नाही. घरी पत्नी, म्हातारी आई, अकरावीत शिकणारी मुलगी. त्या दिवशी त्याच्या हाती गाडी द्यायची नाही, ह्याविषयी दुमत असू शकत नाही. दुमत आहे ते दुसऱ्या दिवसाविषयी. ह्या माणसाचे पुढे काय करावे? त्याला बडतर्फ करावे, की सांभाळून घ्यावे? आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांच्या चुली एस.टी., रेल्वे, कारखाने, इस्पितळे आणि शाळा ह्यांतील नोकऱ्यांवर पेटतात. आपल्यापैकी कुणी कामगार आहेत, कुणी अधिकारी. म्हणूनच हा प्रश्न आपल्या दारी दोन्ही बाजूंनी येतो.

प्रथम त्या आकड्याचा विचार करू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १७२ वे कलम असेच कठोर आहे. नशेत असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याच्या कामामुळे प्रवाशांच्या जिवाला धोका संभवत असेल, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २००३ पासून नांदेड हे दक्षिण मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय असल्यामुळे तेथील अनेक कुटुंबांना हे कलम परके नाही.

परंतु आकडा सांगतो ते केवळ त्या घटकेपुरते. एखादे खोकल्याचे औषध किंवा तोंड धुण्याचे द्रावणही तोंडात काही वेळ मद्यार्क ठेवून जाते. म्हणून पंधरा-वीस मिनिटे थांबून पुन्हा तपासणी करणे, हा न्यायाचा पहिला पाठ होय. दुसरे असे की, रात्री उशिरा प्यालेली दारू झोपेने उतरते, ताकाने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने उतरते, हा समज खोटा आहे. यकृत आपल्या गतीनेच काम करते. त्याला घाई करता येत नाही. त्यामुळे एकाच आकड्याच्या मागे तीन वेगवेगळी माणसे उभी असू शकतात. एकजण काल रात्री मेहुण्याच्या लग्नात प्याला आणि सकाळी आपण ठीक आहोत असे त्याला मनापासून वाटले. दुसरा मुलाच्या मृत्यूनंतर गेले सहा महिने रोज रात्री पीत आहे. तिसऱ्याचे हात सकाळच्या पहिल्या घोटाशिवाय थरथरायचे थांबत नाहीत. पहिल्याला ज्ञान आणि समज हवी, दुसऱ्याला सोबत आणि समुपदेशन हवे, तिसऱ्याला इस्पितळ हवे. तिघांनाही एकच शिक्षा देणारा नियम समान असेल. तो न्याय्य असेलच असे नाही.

येथे कुणी म्हणेल, 'पण काही झाले तर नाही ना? मग एवढे कठोर का व्हायचे?' ह्या युक्तिवादाला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट उत्तर दिले आहे. उत्तर प्रदेशातील सशस्त्र पोलीस दलाचा एक चालक कुंभमेळ्याच्या बंदोबस्तासाठी निघालेल्या जवानांची ट्रक दारूच्या अमलाखाली चालवीत होता. ट्रकची एका जीपशी टक्कर झाली. मोठी हानी झाली नाही. अपघात किरकोळ होता, ही सबब न्यायालयाने मान्य केली नाही. मोठी हानी टळली हा निव्वळ दैवयोग होता, आणि दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ हा खेळच राहतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. मात्र त्याच निर्णयात दुसरीही बाजू होती. त्या माणसाची पंचवीस वर्षांची सेवा आणि त्याने दिलेली कबुली लक्षात घेऊन बडतर्फीची शिक्षा अतिकठोर ठरवण्यात आली आणि तिचे रूपांतर सक्तीच्या निवृत्तीत करण्यात आले. तोवर तो चालक मरण पावला होता. निवृत्तीचे लाभ त्याच्या कुटुंबाला द्यावेत असा आदेश झाला. दोष दोषच राहिला. शिक्षा ठरवताना मात्र न्यायालयाने एका सकाळीबरोबर संपूर्ण आयुष्य पाहिले.

आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणीतही ह्या दोन्ही बाजू आहेत. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९२ साली मान्यता दिलेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातील २२९० वा परिच्छेद स्पष्ट सांगतो की, मद्याच्या धुंदीने किंवा वेगाच्या हव्यासाने जो रस्त्यावर, समुद्रात वा आकाशात दुसऱ्यांची सुरक्षितता धोक्यात घालतो, त्याच्या माथी गंभीर दोष येतो. त्याच ग्रंथातील १७३५ वा परिच्छेद सांगतो की अज्ञान, भय, सवय, अनावर आसक्ती अशा कारणांनी माणसाची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, प्रसंगी नाहीशीही होऊ शकते. देशाच्या कायद्यातही हेच द्वैत आहे. मोटार वाहन कायदा ज्याला गुन्हेगार म्हणतो, त्यालाच २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्ण म्हणू शकतो. कारण मद्य आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश त्या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच केला आहे.

मग हा माणूस अपराधी की आजारी? मला वाटते, हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. मधुमेह असणे हा कुणाचा दोष नव्हे. पण चक्कर येते हे ठाऊक असूनही ते लपवून कुणी गाडी चालवायला बसला, तर त्या बसण्याचा जाब त्याला द्यावाच लागेल. व्यसनाचेही तसेच आहे. पेला समोर आल्यावर व्यसनी माणसाचे स्वातंत्र्य जवळजवळ संपलेले असते, हे खरे. परंतु त्याच्या दिवसात असेही काही क्षण असतात, जेव्हा तो पुष्कळसा मोकळा असतो. आदल्या दिवशी दुपारी, शुद्धीत असताना, तो वरिष्ठाकडे जाऊन म्हणू शकतो: 'साहेब, माझे काही खरे नाही. मला उद्या गाडी देऊ नका. मला मदत करा.' त्याची नैतिक जबाबदारी आहे ती ह्या क्षणाची.

आणि नेमक्या ह्याच क्षणी आपली, म्हणजे नियम करणाऱ्यांची, जबाबदारी सुरू होते. हे वाक्य उच्चारले तर काय होईल, हे त्या चालकाला ठाऊक असते. जर स्वतःहून सांगणाऱ्याची आणि पकडला जाणाऱ्याची गत एकच होणार असेल, तर कोणता शहाणा माणूस स्वतःहून सांगेल? तो वेलदोडा चघळेल, ओळखीच्या माणसाची पाळी साधेल, यंत्र नादुरुस्त असलेला दिवस शोधेल. अशा ठिकाणी नियम कडक दिसतो, पण प्रवासी सुरक्षित नसतात. प्रायश्चित्त संस्काराचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकांना हे निराळे समजावून सांगावयास नको. जेथे कबुलीला दार नसते, तेथे पाप कमी होत नाही. ते केवळ अंधारात जाते. म्हणून कोणत्याही कार्यालयाचा व्यसनविषयक नियम तपासताना मी पहिला प्रश्न हा विचारीन: येथे माणसाला पकडला जाण्यापूर्वी बोलता येते काय?

ही केवळ भाबडी करुणा नव्हे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यासारख्या कठोर कायद्यातही '६४-अ' हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावरील खटल्यापासून त्याला संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले, तर ते काढूनही घेता येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली कामाच्या ठिकाणच्या मद्य व अमली पदार्थांच्या प्रश्नांविषयी एक आचारसंहिता प्रसिद्ध केली. तिचा गाभा हाच आहे की ह्या प्रश्नांकडे आरोग्याचे प्रश्न म्हणून पाहावे, माहिती गुप्त ठेवावी, शिक्षेआधी समुपदेशन व उपचार ह्यांना प्राधान्य द्यावे. मात्र कामातील गैरवर्तनाबद्दल शिस्तीची कारवाई करण्याचा मालकाचा अधिकार अबाधित राहावा.

लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, येशूने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. तीन वर्षे फळ न देणारे झाड तोडून टाकावे असे मळ्याचा मालक म्हणतो. माळी एक वर्षाची मुदत मागतो. ह्या दाखल्यावरील प्रवचनांत बहुधा देवाच्या सहनशीलतेवर भर असतो आणि तो योग्यच आहे. परंतु माळ्याचे बोलणे नीट ऐकावे. तो नुसती मुदत मागत नाही. झाडाभोवती खणीन, खत घालीन, असे कामही स्वतःच्या अंगावर घेतो. आणि वर्षानंतरही फळ आले नाही, तर कुऱ्हाड चालवू नका असे तो म्हणत नाही. मुदत, मेहनत आणि मर्यादा ह्या तीन गोष्टी त्याच्या विनवणीत एकत्र आहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ह्यांची ताटातूट होते. कुठे पहिल्याच दिवशी कुऱ्हाड चालते. कुठे 'जाऊ द्या, गरीब आहे' म्हणत मुदतीवर मुदत मिळते, पण कुणी कुदळ हाती घेत नाही.

खणणे म्हणजे काय? प्रथम, चालकाच्या हातून सुकाणू काढून त्याला काही काळ कार्यशाळेत किंवा कार्यालयात दुसरे काम देणे. त्याचा पगार चालू राहिला, तर घर तगून राहते आणि नोकरी हीच उपचाराची सर्वांत बळकट दोरी ठरते. दुसरे, योग्य उपचार. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आणि फादर ज्यो परेरा ह्यांनी १९८१ साली मुंबईत स्थापन केलेले कृपा फाऊंडेशन ह्या संस्थांनी, व्यसनमुक्ती म्हणजे केवळ दारू तोडणे नव्हे तर माणूस जोडणे होय, हे महाराष्ट्राला दाखवून दिले. येथे घरच्या मंडळींना दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या पाहिजेत. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्राणावरही बेतू शकते. म्हणून शपथ घालून खोलीत कोंडणे हा उपाय नव्हे. डॉक्टरांची देखरेख हवी. तसेच जाहिरातीतल्या पुड्या आमटीत कालवून चोरून देणे धोक्याचे आहे. ज्याला बरे व्हायचे आहे त्याच्या संमतीवाचून केलेला इलाज त्याचा उरलासुरला विश्वासही घालवतो.

तिसरे, परत कामावर घेताना स्पष्ट, लेखी अटी: ठरावीक काळ अवचित तपासण्या, समुपदेशकाकडे नियमित हजेरी, आणि पुन्हा नियम मोडल्यास काय होईल ह्याची आधीच दिलेली कल्पना. विमानवाहतुकीच्या २०१५ च्या नियमांत अशी चढती भाजणी होती: वैमानिक प्रथम दोषी आढळला तर तीन महिने परवाना स्थगित, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा परवाना रद्द. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून वैमानिकांची संघटना, विमान कंपन्या आणि शासन ह्यांनी मिळून व्यसनी वैमानिकांना उपचार आणि कडक देखरेखीनंतर पुन्हा कामावर घेण्याची व्यवस्था चालवली आहे. त्या वाटेने हजारो वैमानिक पुन्हा विमान चालवू लागले. आकाशात जे शक्य झाले ते नांदेड-लातूर रस्त्यावर अशक्य का असावे?

ख्रिस्तसभेपुढेही हा प्रश्न अगदी तिच्या वेदीवर उभा राहिला. मिस्साबलीत द्राक्षारस अनिवार्य आहे. मग मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्या धर्मगुरूने काय करावे? २००३ साली रोमच्या श्रद्धाविषयक मंडळाने, कार्डिनल रात्सिंगर म्हणजे पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट त्याचे प्रमुख असताना, एक पत्र काढले. अशा धर्मगुरूला आपल्या बिशपांच्या परवानगीने, ज्याचे आंबणे सुरुवातीलाच थांबवले आहे असा द्राक्षांचा रस वापरता येतो, असे त्यात सांगितले होते. संस्काराचे द्रव्य बदलले नाही, द्राक्षांऐवजी दुसरे काही आणले नाही. पण दुर्बल माणसाला वेदीवरून हाकलूनही दिले नाही. त्याच पत्रात, असा आजार असलेल्या उमेदवाराला गुरुदीक्षा देण्यापूर्वी मोठी सावधगिरी बाळगावी, असेही बजावले होते. नियमाचा गाभा राखून माणसासाठी वाट काढता येते, ह्याचे ह्याहून जवळचे उदाहरण आपल्याला शोधावे लागणार नाही.

आता सोबत्यांकडे वळू. आगारात यंत्र असते, परंतु मुखेड किंवा जळकोट तालुक्यातील एखाद्या खेड्यात मुक्कामी गेलेल्या गाडीजवळ पहाटे कोणते यंत्र असणार? तेथे असतो फक्त वाहक. रात्री काय घडले हे त्याला ठाऊक असते. तक्रार केली तर मित्राची भाकरी जाते. गप्प राहिले तर गाडीभर माणसे. अशा वेळी 'सांभाळून घेणे' ह्याला आपण मैत्री म्हणतो. घरची बाईही तेच करते. नवऱ्याला ताप आला आहे असा निरोप धाडते. ह्या दोघांना दोष देणे सोपे आहे. पण खरे बोलल्याने माणसाला मदत मिळते असा अनुभव त्यांना कुणी दिला आहे काय? एस.टी.त दोन घंट्या दिल्यावाचून गाडी हलत नाही, आणि ती दोरी वाहकाच्या हाती असते. त्या पहाटे दुसरी घंटी न देणे हे त्याचे कर्तव्यच आहे. मात्र त्या कर्तव्याची परिणती मित्राच्या सर्वनाशात होणार नाही, अशी व्यवस्था उभारणे हे त्याच्या वरिष्ठांचे कर्तव्य आहे.

न्याय करणाऱ्याने आपले हातही पाहावेत. निजामी राजवटीत अबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. म्हणूनच मुक्तिसंग्रामात मराठवाड्यातील सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले, अबकारी मात्र उरली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही आहे आणि त्याच कायद्याखाली परवाने देऊन दारू विकली जाते. उसाच्या मळीपासून मद्यार्क बनवणारा, विक्रीवर महसूल घेणारा आणि पिणाऱ्याला बडतर्फ करणारा समाज एकच आहे. साहेबाची मेजवानी आणि चालकाची बाटली ह्यांना आपण निरनिराळी मापे लावतो. कायम कामगाराची निदान चौकशी तरी होते. ठेकेदाराच्या माणसाला 'उद्यापासून येऊ नकोस' एवढेच ऐकवले जाते. आपल्या घरांतही लग्नाकार्यात पेले भरले जातात. कानातील लग्नात येशूने द्राक्षारस दिला हे आपण अभिमानाने सांगतो; त्या मांडवात पेला नाकारणाऱ्याला आग्रह न करण्याइतके सौजन्य तरी आपण दाखवावे.

शेवटी कुऱ्हाडीविषयी. मुदत संपली, मेहनत झाली, आणि तरीही माणूस पुन्हा पिऊन सुकाणूवर बसू लागला, तर त्याला त्या कामावरून दूर केलेच पाहिजे. ही क्रूरता नव्हे. खिडकीला डोके टेकवून झोपलेल्यांवरची ती माया आहे. पण नोकरीवरून काढणे म्हणजे माणसातून काढणे नव्हे. डब्लिनचा मॅट टालबट हा बारा वर्षांचा असताना मद्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तेथेच पिऊ लागला. १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने दारू सोडण्याची प्रतिज्ञा केली ती केवळ तीन महिन्यांची. मग सहा महिन्यांची, आणि नंतर जन्माची. त्याने जुनी देणी फेडली, आयुष्यभर साधा मजूर म्हणून राबला आणि १९२५ साली मिस्साला जाताना रस्त्यातच मरण पावला. ख्रिस्तसभेने १९७५ साली त्याला 'वंदनीय' घोषित केले. त्याची सुरुवात मोजक्या मुदतीनेच झाली होती. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांतही माणसे केवळ आजच्या दिवसापुरतेच न पिण्याचे ठरवतात.

अशा सभांना बसायला जागा लागते. आपल्या चर्चच्या आवारात संध्याकाळी रिकामी पडलेली एखादी खोली, तिची किल्ली आणि चहाचा थर्मास एवढे देणे प्रत्येक धर्मग्रामाला जमण्यासारखे आहे. नोकरी टिकलेला आणि नोकरी गेलेला, असे दोघेही तेथे शेजारी शेजारी बसू शकतील. वर्षाची मुदत देणे कार्यालयाच्या हाती असेल. खणण्याचे काम मात्र आपल्यापैकी कुणालाही टाळता येणार नाही.